सेको ६१३९ ‘ऑल ओरिजिनल’ म्हणून घेतलं, डायल बाहेरची (कंपनीची नाही अशी) निघतेय असं वाटतंय. आता विकताना काय लिहू?

उशिराचा_गजर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, पहिल्यांदा लिहितोय आणि तेही रडगाणं घेऊन, तर सांभाळून घ्या.

सात-आठ महिन्यांपूर्वी ऑनलाईन एक जुनं घड्याळ घेतलं, सेको ६१३९-६००२. पिवळी डायल, काचेभोवतीचं कडं (बेझल) निळं-लाल, ज्याला सगळे पोग म्हणतात तेच. विकणाऱ्याने लिहिलं होतं ‘ऑल ओरिजिनल, मिंट, रेअर, फुल्ली सर्व्हिस्ड’ आणि फोटो होते तीन, तिन्ही समोरून. मी ते तीन फोटो रात्री अडीच वाजता झूम करकरून बघितले आणि पैसे पाठवून मोकळा झालो. घड्याळ आलं, पिवळं धमक, दोन महिने हातातून काढलं नाही.

मग हळूहळू एकेक दिसायला लागलं. क्रोनो (घड्याळातलं स्टॉपवॉच) रिसेट केला की सेकंदकाटा बारावर न येता दोन घरं अलीकडेच थांबतो. चावी फिरवली की आतली पिवळी रिंग फिरायला पाहिजे म्हणतात, माझी ढिम्म हलत नाही. आणि परवा एका मित्राकडे त्याचं ६१३९ शेजारी ठेवून बघितलं तर त्याच्या डायलला उन्हात कशी आतून चमक येते, किरणं पसरल्यासारखी, आणि माझी डायल म्हणजे भिंतीला ऑईलपेंट मारलाय तशी सपाट पिवळी. तेव्हापासून ते हातात घालावंसंच वाटत नाही.

आता विकायचं ठरवलंय. मेहुणा म्हणतो तुला जसं सांगितलं तसंच तू पण लिही, तुझ्या मनाचं काही लिहू नको म्हणजे खोटं बोलल्यासारखं पण होत नाही. मला ते पटत नाही पण सगळं खरं लिहिलं तर घेणार कोण, हा पण प्रश्न आहेच. आणि दुसरं म्हणजे पुढच्या वेळी घेताना नक्की बघायचं काय, हे कोणीतरी नीट सांगा. माझी डायल खरंच खोटी आहे की मीच वेडा झालोय?

भिंगवाला

फोटो कुठेत? निदान मागच्या झाकणावर काय कोरलंय ते लिहा. मॉडेलचे आकडे आणि सिरीयल. आणि डायलवर पाण्याबद्दल काय लिहिलंय ते शब्दशः.

उशिराचा_गजर

सॉरी, राहिलंच. मागे ६१३९-६००२, सिरीयलचा पहिला आकडा ७, दुसरा ४. डायलवर ‘वॉटर ७० एम प्रूफ’. डायलच्या खालच्या काठाला भिंगाने बघितलं, काहीच लिहिलेलं नाही.

भिंगवाला

झालं की मग, तुम्हीच उत्तर लिहिलंय.

त्या काळातल्या सेकोच्या सिरीयलचा पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा म्हणजे महिना. १ ते ९ सरळ, पुढे ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. दशक काही तो आकडा सांगत नाही, ते मॉडेलवरून आपणच ओळखायचं. ६१३९ आलं १९६९ मध्ये आणि सत्तरच्या दशकातच संपलं, म्हणजे ७ आणि ४ याचा अर्थ एप्रिल १९७७, दुसरं काही असूच शकत नाही. आणि सेकोने ‘प्रूफ’ हा शब्द १९७० च्या आसपासच सोडला, तिथे ‘रेझिस्ट’ आलं, आणि नंतरच्या कित्येक डायल्सवर तर पाण्याचा उल्लेखच नाही. म्हणजे ७७ सालच्या घड्याळाच्या तोंडावर ‘प्रूफ’ हे काही बसत नाही. एकतर झाकण दुसऱ्या घड्याळाचं, नाहीतर डायल. खालच्या काठाला काहीच नाही म्हणताय त्यावरून डायलच.

तो खालचा काठ कसा बघायचा ते सांगतो कारण तिथे पुष्कळ जण चुकतात. सहाच्या दोन्ही बाजूंना मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं असतात, जपान, मग चार आकडे, मग अजून चार आकडे आणि शेवटी बहुतेक वेळा एक टी. पहिले चार आकडे म्हणजे मशीनचा नंबर, ते झाकणावरच्या पहिल्या चार आकड्यांशी जुळलेच पाहिजेत. पुढचे चार मात्र जुळायची गरज नाही, झाकणावर तिथे केसचा (घड्याळाच्या धातूच्या कवचाचा) नंबर असतो आणि डायलवर डायलचा, दोन्ही वेगळ्या गोष्टी. हे माहीत नसल्यामुळे लोक चांगलं घड्याळ खोटं समजून सोडून देतात आणि ‘सगळे आकडे जुळतात बघा’ म्हणणाऱ्याकडून नेमकं बनवलेलं घेतात.

आणि ‘प्रूफ’ मुद्दाम छापतात हो. नुसती खोटी डायल नाही करत, जास्त मागणी असलेली खोटी डायल करतात. अंतराळवीर कर्नल विल्यम पोग १९७३-७४ मध्ये अमेरिकेच्या स्कायलॅब ४ मोहिमेवर ८४ दिवस होता, त्याने आपलं स्वतःचं ६१३९-६००५ सोबत नेलं होतं, अंतराळात गेलेलं पहिलं ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचवालं घड्याळ) तेच. तेव्हापासून प्रत्येक पिवळं ६१३९ पोग झालं आणि प्रत्येक निळं सुद्धा कोणीतरी पिवळं करून ठेवलं.

नेमकी_टिकटिक

मी घड्याळं दुरुस्त करते, छंद म्हणून सुरू केलं होतं आता बऱ्यापैकी कामच झालंय, त्यामुळे मशीनबद्दल बोलते, डायलबद्दल भिंगवाल्यांनी सांगितलंच आहे.

गजरभाऊ, सेकंदकाटा दोन घरं अलीकडे थांबतो ते रोज त्याच जागी थांबतो का? तसं असेल तर घाबरू नका, कोणीतरी काटा काढून परत बसवताना तिरका बसवलाय, दहा मिनिटांचं काम. पण कधी दोन घरं, कधी चार, कधी बरोबर असं असेल तर आतली भानगड आहे. तुमच्या मशीनमध्ये व्हर्टिकल क्लच (क्रोनो मशीनला जोडणारा-सोडणारा भाग) आहे, ६१३९ ची खासियतच ती, क्रोनो चालू करताना काटा उडी मारत नाही, लोण्यासारखा सुटतो. पण तो क्लच अख्खा एकसंध भाग आहे, तो गेला की उघडून साफ करता येत नाही नीट, दुसऱ्या घड्याळातूनच काढावा लागतो.

आतली रिंग फिरत नाही ते बहुतेक मधलं छोटं चाक झिजलंय किंवा कोणीतरी काढूनच टाकलंय. दर दुसऱ्या ६१३९ ला हेच. या घड्याळाला चावीने चावी देता येत नाही, चावीला रिंग फिरवायचं आणि तारीख-वार बदलायचं एवढंच काम, अर्धी दाबली की तारीख, पूर्ण दाबली की वार. एक आठवण, क्रोनो चालू असताना खालचं रिसेटचं बटण दाबू नका, आधी थांबवा. लहान मुलांच्या हातात द्यायचं नाही ते याच्यासाठी.

अजून एक. याला नेहमी चालणारा सेकंदकाटाच नाही. क्रोनो बंद असेल तर घड्याळ चालू आहे की मेलेलं आहे ते मिनिटकाटा हलेपर्यंत कळत नाही. म्हणून विकणारा नुसता फोटो देत असेल तर त्याच्याकडून व्हिडिओ घ्यायचाच, सुरू, थांब, रिसेट, तीनदा, आणि खालचा मिनिटांचा छोटा काटा पुढे सरकतो का ते पण. टाईमग्राफर (घड्याळाची चाल मोजायचं यंत्र) असेल तर क्रोनो चालू आणि बंद दोन्ही वेळचं रीडिंग मागा, मशीन तासाला २१६०० बीटचं आहे, दोन्हीत फार फरक पडता कामा नये. अँप्लिट्यूड (आतल्या चाकाचा झोका) दोनशे अंशांच्या खाली असेल आणि तो ‘फुल्ली सर्व्हिस्ड’ म्हणत असेल तर त्याने मागचं झाकण पुसलंय फक्त.

तुम्ही ते कोणाला तरी उघडायला द्या आणि डायल काढून मागून बघायला सांगा, मग बोलू.

रविवारचा_घड्याळजी

मी उलट बाजूने बोलतो. इतकं काय त्या डायलचं? घड्याळ चालतंय, दिसतंय छान, दोन महिने तुम्ही खुशीत घातलं, कोणी शेजारी आणून ठेवलं नसतं तर अजून घातलं असतं. इथे ओरिजिनल ओरिजिनल करता करता लोक घड्याळ घालायचंच विसरलेत, डबीत ठेवून सिरीयल नंबर वाचत बसतात.

भिंगवाला

घालायला माझी काहीच हरकत नाही राव, माझ्याकडे स्वतःकडे एक रंगवलेलं रिको आहे, भडक निळं, मजेत घालतो. पण मी त्याचे रंगवलेल्याचेच पैसे दिले. हरकत फसवून विकण्याला आहे. तेच घड्याळ ‘डायल नवी रंगवलेली’ म्हणून विकलं असतं तर आज हा धागा निघालाच नसता.

रविवारचा_घड्याळजी

हां ते मान्य.

तिरका_लग

मी जास्त करून जपानमधूनच घेतो, लिलावातून, मधला एजंट लावून. तिथल्या विकणाऱ्यांची भाषा एकदा कळली की काम सोपं होतं, भाषांतराच्या भरवशावर राहू नका, ते सगळं गुळगुळीत करून टाकतं. ‘जंकु’ लिहिलंय म्हणजे परत पाठवायचं नाव काढायचं नाही, चालतही असेल पण जबाबदारी तुमची. ‘गेन्जो’ म्हणजे आहे त्या अवस्थेत. ‘दोसा मिकाकुनिन’ म्हणजे चालतंय का ते तपासलं नाही, आणि माझा अनुभव असा की घड्याळ विकणाऱ्याने ते तपासलं नाही असं सहसा होत नाही, तपासलंय आणि चालत नाहीये. ‘ओएच’ म्हणजे ओव्हरहॉल झालंय. आणि गजरभाऊंसाठी खास दोन शब्द, ‘रिदान’ म्हणजे डायल पुन्हा रंगवलेली आणि ‘शागाई’ म्हणजे भाग कंपनीचा नाही, बाहेरचा. तिथे हे शब्द उघडपणे लिहितात आणि तशी घड्याळं विकली पण जातात. म्हणजे खरं लिहिलं तर घेणार कोण, याचं उत्तर मिळालं.

लिलावात शेवटच्या मिनिटाला बोली लावून झटका देऊ असं वाटत असेल तर विसरा, बऱ्याच लिलावांत शेवटी शेवटी बोली आली की वेळ आपोआप वाढते. आकडा आधीच ठरवायचा, टाकायचा आणि झोपायचं. रात्री अडीचला तर अजिबात नाही, हे तुम्हाला आता कळलंच आहे.

केस बघायला शिका, डायलइतकंच. सेकोच्या सुवा कारखान्यातल्या साठच्या दशकातल्या केसेस बघा, लगच्या (पट्टा जोडायच्या टोकांच्या) कडा ब्लेडसारख्या, एक पृष्ठभाग आरशासारखा आणि त्याला लागून दुसरा बारीक रेघांचा, मध्ये स्पष्ट धार. पॉलिशवाल्याने बफ मारला की पहिल्यांदा जाते ती ती धार, सगळं साबणाच्या वडीसारखं गोल होतं. लिस्टिंगमध्ये असलं घड्याळ ‘मिंट’ म्हणून असतं आणि ओरखडे असलेलं पण धार शिल्लक असलेलं ‘वापरलेलं’ म्हणून. मी कायम दुसरं घेतो. ओरखडे राहू शकतात, गेलेलं स्टील कोणी परत आणत नाही.

नवशिका_पट्टा

मध्येच घुसतोय, माफ करा. माझ्याकडे सेकोचंच लॉर्ड मॅटिक ५६०६ आहे, घड्याळ अगदी वेळेवर चालतं पण चावी एक टप्पा ओढून फिरवली तर तारीख बदलत नाही, नुसती फिरते. विकणारा म्हणाला जुन्या घड्याळांना असंच असतं. खरंय का?

नेमकी_टिकटिक

खोटं. जुन्या घड्याळांना नाही, ५६ च्या मशीनला असतं. तारीख पटकन बदलायचं जे चाक आहे ना ते प्लास्टिकचं, वयाने त्याला तडा जातो. किंग सेकोच्या ५६२५, ५६२६ ला पण तेच दुखणं, एवढं देखणं घड्याळ, २८८०० बीट, आणि अडतं कुठे तर एका प्लास्टिकच्या चाकाशी. घड्याळ चालायला त्याचा काही संबंध नाही, फक्त तारखेसाठी काटे फिरवत बसावं लागतं. ५६ घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, क्विकसेट (तारीख पटकन बदलायची सोय) चालतं का, व्हिडिओ दाखवा. आणि चालत असेल तरी रात्री नऊ ते पहाटे तीन त्याला हात लावायचा नाही, तेव्हा तारीख बदलायचं काम आतून सुरू असतं.

नवशिका_पट्टा

धन्यवाद ताई, आता कळलं स्वस्त का पडलं. अजून एक विचारतो, पहिलं जपानी ऑटोमॅटिक म्हणून यापेक्षा कमी कटकटीचं काय घ्यावं?

भिंगवाला

क्रोनो नको, ५६ नको. साधं सेको ५ घ्या ७००९ मशीनचं, किंवा सिटिझन ८२०० वालं. पार्ट मिळतात, कोणीही उघडू शकतो. ७००९ ला चावी देता येत नाही म्हणून लोक नाकं मुरडतात, पण त्यात मॅजिक लिव्हर आहे, सेकोने १९५९ मध्ये काढलेली, रोटर (आतलं फिरतं वजन) इकडे फिरो नाहीतर तिकडे, स्प्रिंग भरतेच. आडवं धरून हळूच डुलवा, सुरू होतं. खुळखुळ्यासारखं हलवू नका बाकी. ओरिएंटची ४६ सीरिज पण दणकट.

घेताना एवढंच बघा की डायलच्या रंगात तुम्ही वाहून जात नाही ना. केशरी, जांभळी, पोपटी आणि त्यावर जाडजाड अक्षरं दिसली तर ती हमखास रंगवलेली. लोगो चिकटवलेला धातूचा असायला हवा होता तिथे छापलेला, आकड्यांच्या कडा पसरलेल्या, तारखेच्या खिडकीच्या कडेला रंगाचा थर. डायल चकचकीत आणि काट्यांवरचं रेडियम काळवंडलेलं असेल तर दोघं एका वयाचे नाहीत. ते दोन्ही एकत्र म्हातारे व्हायला हवेत.

उशिराचा_गजर

मंडळी, दहा दिवसांनी येतोय, ताईंनी सांगितलं तसं उघडून घेतलं.

डायल काढली तर मागे दोन पाय असतात म्हणे मशीनमध्ये बसायला, माझ्या डायलला एकच, दुसरा नाहीच. आणि त्याच्या जागी चक्क दुहेरी चिकटपट्टीचे दोन तुकडे. म्हणजे ती डायल इतके महिने चिकटपट्टीवर उभी होती आणि मी तिला रात्री झूम करून बघत होतो. मशीन मात्र ६१३९ बी, आत कुठे गंज नाही, क्लच ठीक आहे. सेकंदकाटा तिरकाच बसवलेला होता, ताई बरोबर, आता बारावर येतो. रिंगचं चाक गायब. ते मिळवून बसवणार नाही, त्यात अजून पैसे घालायचा धीर नाही.

काही जणांनी व्यनि करून सांगितलं की सुटे भाग करून विक, मशीन वेगळं, केस वेगळी, बेझल वेगळी, जास्त मिळतील. विचार केला. पण चालू घड्याळ फोडायला हात धजला नाही. तर अख्खंच विकतोय, हे लिहिलंय, बघा कसं वाटतं:

‘सेको ६१३९-६००२, सिरीयलप्रमाणे एप्रिल १९७७. डायल कंपनीची नाही, बाहेरची आहे आणि तिला एक पाय नाही, चिकटपट्टीवर आहे, मागचा फोटो जोडलाय. आतली रिंग फिरत नाही, चाक नाही. मशीन ओरिजिनल, उघडून तपासलंय पण पूर्ण सर्व्हिस केलेलं नाही. क्रोनो सुरू, बंद, रिसेट व्यवस्थित, व्हिडिओ आहे. केसला ओरखडे आहेत, मी पॉलिश केलेली नाही, आधी कोणी केली असेल तर माहीत नाही. ज्याच्याकडे डायल आहे आणि मशीन नाही त्याच्या कामाचं आहे.’

मेहुण्याला दाखवलं, तो म्हणाला हे विकायचंय की पोलिसात द्यायचंय.

तिरका_लग

मेहुण्याला सांगा शेवटची ओळ सगळ्यात भारी आहे. गिऱ्हाईक कोण ते तुम्ही बरोबर ओळखलंत. पडकी केस आणि चांगली डायल घेऊन बसलेले खूप जण आहेत, त्यांना नेमकं हेच पाहिजे असतं.

फोटो वाढवा. दोन्ही बाजूंनी लग, चावी जवळून, झाकण उघडून मशीन, आणि एक फोटो उजेडात, फ्लॅश न मारता. आणि विकताना क्रोनो रिसेट करून थांबवलेला फोटो टाका, काटा बारावर आहे ते दिसू दे.

नेमकी_टिकटिक

पाण्याचं लिहा. डायलवर ‘७० एम प्रूफ’ छापलंय म्हणून कोणीतरी हात धुताना नळाखाली धरेल आणि मग तुमच्या नावाने ओरडेल. ओरिजिनल डायल असती तरी लिहावंच लागलं असतं, इतक्या वर्षांत आतले रबर कडक होऊन तुकडे पडतात, सत्तर मीटर सोडा, पावसात पण नाही. बटणांच्या खालचे रबर बदलले का उघडलं तेव्हा?

उशिराचा_गजर

नाही, फक्त मागच्या झाकणाचं बदललं. लिहितो तसं.

भिंगवाला

काचेचं पण राहिलं. जुनी आहे की बदललेली? आणि दुसरं, ‘पोग’ हा शब्द कुठेच घातला नाहीत, तो शोधात येतो, शीर्षकात टाका, त्यात खोटं काही नाही, मॉडेलचं टोपणनावच ते.

उशिराचा_गजर

काच नवी वाटतेय, एकही ओरखडा नाही आणि केसला एवढे आहेत, म्हणजे बदललेलीच असणार. ‘काच बहुधा बदललेली’ असं टाकतो. पोग टाकायला जीव होत नव्हता कारण त्याच शब्दाने मी फसलो होतो, पण ठीक आहे, टाकतो, आणि लगेच पुढच्याच ओळीत डायलचं.

उशिराचा_गजर

गेलं. चार दिवस लागले. घेणाऱ्याकडे खरंच रेझिस्टवाली डायल पडून होती, खालच्या काठाचे आकडे त्याने मला आधी फोटोत दाखवले, मी न विचारता. मी घेतले होते त्यापेक्षा कमीच मिळाले, किती कमी ते मेहुण्याला सांगितलेलं नाही. ती बाहेरची डायल त्याला नकोय म्हणाला, टाकून देऊ का विचारत होता, मी म्हटलं परत पाठव, एका पायाची. टेबलावर ठेवणार आहे, काही घ्यायच्या आधी बघायला.

रविवारचा_घड्याळजी

आता सात हजार नऊ घ्या आणि घाला.